कथा कोण वाचतं आणि कशी नाकारतं: अंकाच्या निवडीत न्याय कसा आणता येईल

इंदूरच्या रामबागेत किंवा सुदामा नगरात बसून मराठी कथा लिहिणाऱ्याला ती छापून यावी असं वाटलं, तर बहुतेक वेळा पुण्या-मुंबईकडेच पाठवावी लागते. पाठवल्यावर पोच येईलच असं नाही. महिने जातात, दिवाळी येते, अंक बाजारात येतो आणि अनुक्रमणिकेत आपलं नाव नाही हे पाहून कथा नाकारली गेली असं समजून घ्यायचं. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं आहे की यात काही बदलता येईल असं कोणी म्हणतही नाही.

मी कथा लिहिते, आणि इंदूरमधल्या एका लहान वार्षिक अंकासाठी आलेल्या कथा वाचण्याचं कामही करते. त्यामुळे वाट पाहणं आणि नाकारणं, दोन्ही मला माहीत आहे. संपादक दुष्ट असतात म्हणून लेखकावर अन्याय होतो, हे मला पटत नाही. बहुतेक माणसं मनापासून, पदरमोड करून अंक काढतात. अन्याय होतो तो कामाच्या पद्धतीतून, आणि म्हणूनच तो बराचसा दूर करता येतो. कसा, ते इथे उलगडून सांगते.

आधी जागा किती, ते सांगा

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं मोठं दार म्हणजे दिवाळी अंक. या दारातून आत जाणाऱ्या कथा दोन वाटांनी येतात. काही कथा संपादक स्वतः मागवतात: फोन करून, ‘यंदा आम्हाला एक द्या’ म्हणून. बाकीच्या आपण होऊन आलेल्या असतात. मागवण्यात गैर काही नाही. नामवंत लेखकाच्या नावावर जाहिरात मिळते, अंक खपतो, आणि त्याच पैशात नव्या माणसाची कथाही छापली जाते.

गोंधळ होतो तो आवाहनात. समजा अंकात पंधरा कथा बसतात आणि त्यांतल्या बारा आधीच ठरल्या आहेत. ‘लेखकांनी आपल्या दर्जेदार कथा पाठवाव्यात’ असं आवाहन वाचून दोनशे जण कथा पाठवतात. त्या दोनशेंना वाटतं की आपण पंधरा जागांसाठी पाठवतो आहोत. खऱ्या जागा तीन असतात. दोनशेत पंधरा म्हणजे साधारण तेरांत एक, दोनशेत तीन म्हणजे सदुसष्टांत एक. एवढा फरक ज्याच्यापासून लपवला, त्याने पुढे कितीही निष्पक्ष वाचन झालं तरी का समाधान मानावं? आवाहनात एक वाक्य घातलं की पुरे: ‘या अंकात खुल्या आवाहनातून तीन कथा घेतल्या जातील.’ पैसे लागत नाहीत, मनुष्यबळ लागत नाही. माझ्या मते पहिली सुधारणा हीच. ज्या अंकाला हे वाक्य छापायला संकोच वाटतो, त्याने आवाहनच करू नये.

एका माणसाच्या ‘नाही’चं गणित

आलेल्या सगळ्या कथा संपादक स्वतः वाचतात असं क्वचितच होतं. आधी कोणीतरी प्राथमिक वाचन करतं, त्यातून निवडलेल्या कथा पुढच्या वाचकाकडे जातात आणि शेवटी संपादकाकडे. तीन जणांनी पारखून घेतली म्हणजे निवड जास्त चोख, असं वाटतं ना? आकडे मांडून पाहू.

एक चांगली कथा आहे असं धरा. ती कोणाही जाणत्या वाचकाला आवडण्याची शक्यता दहात सात धरू. मी हा आकडा उदारपणे धरला आहे, कारण कंटाळा, घाई, आवडनिवड, आदल्या कथेचा रेंगाळणारा परिणाम, हे सगळं त्यात येतं. आता तीन वाचक एकामागून एक बसवले आणि प्रत्येकाचा होकार आवश्यक केला, तर शंभर चांगल्या कथांतल्या पहिल्यानंतर सत्तर उरतील, दुसऱ्यानंतर एकोणपन्नास, तिसऱ्यानंतर चौतीस. म्हणजे दोन तृतीयांश चांगल्या कथा गळाल्या, आणि कोणीही चूक केली नाही. चाळण्या वाढवल्या की पीठ बारीक होतं, कथेचं तसं होत नाही.

उलट करून पाहा. पहिल्या फेरीत प्रत्येक कथा दोघांनी स्वतंत्रपणे वाचायची आणि दोघांपैकी *एकालाही* आवडली तरी ती पुढे पाठवायची. आता शंभरातल्या एक्क्याण्णव चांगल्या कथा टिकतात.

याची किंमत आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. बेताच्या कथाही जास्त पुढे येतात. दोनशे कथांत वीस चांगल्या आणि एकशे ऐंशी बेताच्या आहेत, बेताची कथा एका वाचकाच्या पसंतीस उतरण्याची शक्यता दहात दोन आहे, असं धरू. एकच वाचक ठेवला तर संपादकाकडे पन्नास कथा येतील, त्यांत चौदा चांगल्या. दोघांपैकी एकाचा होकार पुरेसा मानला तर त्र्याऐंशी येतील, त्यांत अठरा चांगल्या. चार चांगल्या कथा वाचवण्यासाठी संपादकाने तेहतीस कथा जास्त वाचायच्या, शिवाय पहिल्या फेरीचं वाचन दुप्पट. परवडतं का, हे ज्याने त्याने ठरवावं. मला विचाराल तर आवाहन लहान करा, आठ दिवस आधी बंद करा, पण पहिल्या फेरीत एकट्या माणसाच्या नकाराने कथा बाहेर पडू देऊ नका.

हे गणित चालतं ते दोन वाचक खरोखर वेगळे असले तरच. दोघंही एकाच महाविद्यालयातून, एकाच वर्तुळातून आले असतील, तर त्यांना आवडणारं आणि न आवडणारं सारखंच असतं आणि दुसरा वाचक केवळ नावापुरता उरतो. तसंच पहिल्याचा शेरा दुसऱ्याने आधी पाहिला की संपलं. ‘सुरुवात संथ’ हे कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं असलं की दुसऱ्यालाही सुरुवात संथच वाटते. म्हणून शेरे वेगळ्या कागदावर.

जाणकारांत इतका मतभेद खरंच असतो का, ही शंका रास्त आहे. कथांची नव्हे, पण संशोधन-निबंधांची एक चाचणी प्रसिद्ध आहे. २०१४ साली निप्स या संगणकशास्त्राच्या मोठ्या परिषदेने आलेल्यांपैकी १६६ निबंध दोन वेगवेगळ्या समित्यांकडे पाठवले, एकमेकींना न कळू देता. ४३ निबंधांबाबत निकाल वेगळे आले. त्याहून बोलका आकडा असा की, एका समितीने स्वीकारलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले होते. जिथे सिद्धता तपासता येते, प्रयोगाचे आकडे पडताळता येतात, तिथली ही गोष्ट. कथेत तर असं काही पडताळताही येत नाही. त्यामुळे एखादी कथा परत आली म्हणजे ती वाईटच आहे, हा निष्कर्ष लेखकाने काढू नये आणि संपादकाने सुचवू नये.

गुणांबद्दलही एक सांगायला हवं. काही ठिकाणी वाचक कथेला पाचांपैकी गुण देतात आणि सरासरी काढतात. एका कथेला चार वाचकांनी तीन-तीन-तीन-तीन दिले, दुसरीला पाच-एक-पाच-एक. सरासरी दोन्हींची तीन. पहिली कथा कोणाला खटकली नाही आणि कोणाच्या लक्षातही राहिली नाही. दुसरीने दोघांना झपाटलं आणि दोघांना चिडवलं. आणि सरासरीवर चालणाऱ्या अंकात कोणती जाते, तर चार-चार-तीन-तीनवाली सभ्य कथा, जी या दोन्हींच्या वर असते. वेगळी बोली, अवघड रचना, नकोसा विषय हे सगळं अशा पद्धतीत मागे पडतं. त्यावर एक सोपा नियम आहे. प्रत्येक वाचकाला वर्षातून एक कथा अशी निवडू द्यावी, जी बाकी कोणालाही आवडली नसली तरी संपादकाने पूर्ण वाचून तिच्याबद्दल चर्चा केलीच पाहिजे.

नाव झाकलं, पण पिनकोड?

लेखकाचं नाव न पाहता कथा वाचावी, हे आता अनेकांना मान्य आहे. डोरिस लेसिंग या मोठ्या ब्रिटिश लेखिकेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपली कादंबरी टोपणनावाने पाठवून पाहिली. तिची पुस्तकं वर्षानुवर्षं छापणाऱ्या लंडनच्या प्रकाशकानेही ती नाकारली. १९८४ मध्ये तिने खरी हकिगत जाहीर केली. पुढे २००७ चं साहित्याचं नोबेल तिला मिळालं. नावाला वजन असतं, ते वजन काढल्यावर मजकूर वेगळा दिसतो.

मराठीत नावाचं वजन आणखी एका प्रकारचं असतं. आपल्याकडे आडनावावरून जात ओळखण्याची सवय आहे, आणि ‘मी तसं करत नाही’ म्हणणाऱ्याच्या मनातही ती नकळत काम करते. नावावरून बाई की पुरुष ते कळतं. पत्त्यावरून गाव कळतं. ४५२ ने सुरू होणारा पिनकोड दिसला की ‘बृहन्महाराष्ट्रातली कथा’ असा कप्पा मनात तयार होतो, आणि त्या कप्प्यातल्या कथेकडून कौतुकाची अपेक्षा असते, स्पर्धेची नसते. मराठी साहित्य संमेलन इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ असं तीन वेळा भरलं. इथे मराठी पिढ्यान् पिढ्या लिहिली-वाचली जाते. ‘महाराष्ट्राबाहेर राहूनही छान मराठी लिहिता हो’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी वाचन त्यातच बिघडतं.

म्हणून झाकायचं तर सगळं झाका. नाव, आडनाव, पत्ता, फोन, पाकिटावरचा शिक्का, ईमेलचा मथळा, फाइलचं नाव आणि परिचयाचा परिच्छेद. वाचन न करणाऱ्या एका माणसाने आलेल्या कथेला क्रमांक द्यावा, नोंद वहीत करावी आणि वाचकाकडे फक्त क्रमांक असलेली प्रत पाठवावी. हस्तलिखित असेल तर शक्य झाल्यास टाइप करून घ्यावं. ज्येष्ठ लेखकांपैकी बरेच जण अजून हातानेच लिहितात, आणि सुवाच्य अक्षराला नकळत दोन गुण जास्त मिळतात. टाइप केलेल्या कथेतही जुन्या फॉण्टची फाइल युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं फुटतात, तो दोष लेखकाच्या माथी मारू नये. फाइल नीट उघडत नसेल तर कळवावं आणि पुन्हा मागवावी.

एवढं करूनही लहान गावात नाव झाकणं अर्धंच जमतं. इंदूरच्या मराठी मंडळींत कोण काय लिहितं हे सगळ्यांना ठाऊक. एखाद्या घरगुती कथावाचनात ऐकलेली कथा तीन महिन्यांनी क्रमांक लावून समोर आली, तर ती कोणाची हे पहिल्या परिच्छेदातच कळतं. अशा वेळी एकच मार्ग आहे: वाचकाने ‘ही कथा मी ओळखली’ असं सांगून ती दुसऱ्याकडे द्यावी. कारण विचारू नये. मैत्रीण असो, भावजय असो, की ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही असा माणूस असो, नियम तोच.

नाव झाकण्याची मर्यादाही समजून घ्यायला हवी. कथेची भाषा आणि अनुभव झाकता येत नाहीत, झाकूही नयेत. शिवाय सगळं शेवटपर्यंत झाकलेलं ठेवलं, तर निवडलेल्या दहाही कथा एकाच थरातल्या, एकाच शहरातल्या पुरुषांच्या निघाल्या तरी अंक छापून येईपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या नाव झाकून घ्याव्यात आणि शेवटच्या बैठकीत नावं उघडावीत, असं मला वाटतं. तिथे संपादकाने यादीकडे पाहून स्वतःला प्रश्न विचारायला जागा राहते.

‘भाषा सदोष’ हा शेरा

या शेऱ्याबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण तो आमच्याकडच्या लेखकांना फार सोसावा लागतो. इंदूरच्या मराठीवर हिंदीची आणि माळव्याची छाया आहे. ‘काय करून राहिली आहेस?’ असं आमच्याकडे घरात सर्रास बोललं जातं. तेच पात्राच्या तोंडी आलं की पुण्यातला वाचक तिथे लाल खूण करतो. शंभरातल्या दहा खुणा अशा झाल्या की कथा ‘कच्ची’ ठरते. हीच गोष्ट विदर्भातल्या, खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या लेखकांच्या वाट्याला आली आणि त्यांनी झगडून आपली बोली कथेत आणली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला मात्र ‘बोली’ म्हणायला अजून लोक कचरतात, तिला ‘बिघडलेली मराठी’ म्हणतात.

वाचकांना सूचना देता येते: संवादातली भाषा शुद्धलेखनाच्या निकषावर जोखू नका. निवेदनात एखादा प्रयोग खटकला तर तो सगळीकडे सारखा आला आहे का ते पाहा. सारखा आला असेल तर ती लेखकाची रीत आहे. आणि शंका आली तर त्या भागातल्या कोणाला तरी विचारा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मुद्रितशोधनात दुरुस्त होतात. त्यांच्यासाठी कथा परत पाठवणं म्हणजे शिंप्याचं काम न्यायाधीशाने करणं.

वाट पाहायला लावण्याची किंमत

बहुतेक अंकांची अट असते की कथा एकाच वेळी दुसरीकडे पाठवू नये. अट समजण्यासारखी आहे, निवडलेली कथा ऐनवेळी दुसऱ्या अंकात दिसली तर पानं मोकळी पडतात. पण तिचा लेखकाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो? समजा प्रत्येक ठिकाणी कथा स्वीकारली जाण्याची शक्यता दहात एक आहे, आणि प्रत्येक ठिकाणी उत्तराला सहा महिने लागतात. सरासरी दहा ठिकाणं फिरावी लागतील. म्हणजे पाच वर्षं, एका कथेसाठी. वर्षाला एकच अंक निघत असेल आणि उत्तर दिवाळीनंतर कळत असेल, तर दहा वर्षं.

म्हणून यात दोनच न्याय्य पर्याय मला दिसतात. कथा अडवून ठेवायची असेल तर ठरलेल्या तारखेच्या आत उत्तर द्या, आणि ती तारीख दोन महिन्यांहून लांब नको. तेवढ्यात जमत नसेल तर अट सोडा, आणि दुसरीकडे स्वीकारली गेली तर लगेच कळवण्याची विनंती करा. ‘तीन महिन्यांत न कळवल्यास अस्वीकृत समजावे’ ही प्रथा मला मान्य नाही. ईमेल वाटेत हरवते, पाकीट पोचत नाही, आणि लेखकाला कधीच कळत नाही की कथा वाचून नाकारली की वाचलीच गेली नाही. आल्याची पोच आणि निकालाची ओळ, या दोन गोष्टी प्रत्येक लेखकाला मिळायलाच हव्यात.

अभिप्राय मात्र मी मागणार नाही. दोनशे कथांवर वीस-वीस मिनिटं दिली तर सदुसष्ट तास होतात, आणि घाईने लिहिलेला अभिप्राय लेखकाला भलत्या दिशेला नेतो. ‘कथा आवडली पण पृष्ठमर्यादेमुळे…’ हे खरं नसेल तर लिहू नये. ‘या अंकासाठी आम्ही ही कथा निवडलेली नाही. पाठवल्याबद्दल आभार.’ इतकं पुरे आहे. शेवटच्या फेरीपर्यंत पोचलेल्या कथांना ते वेगळं सांगावं, कारण ती माहिती लेखकाच्या खरोखर उपयोगाची असते.

कथेसोबत शुल्क मागणं, किंवा ‘आधी वर्गणीदार व्हा’ म्हणणं, मी सरळ चुकीचं मानते. नाकारलेल्यांच्या पैशावर अंक चालू लागला की जास्तीत जास्त कथा मागवून नाकारण्यातच फायदा दिसू लागतो.

यंत्राने लिहिलेल्या कथांचा प्रश्न नवा आहे. क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकेतल्या विज्ञानकथांच्या मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये कथा घेणं काही काळ थांबवावं लागलं, कारण त्या एका महिन्यात अशा पाचशेहून अधिक कथा आल्या होत्या. मराठी अंकांनीही आपला नियम आवाहनात स्पष्ट लिहावा. पण ओळखण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोपवू नये. २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त निबंध अशा सॉफ्टवेअरने यंत्राचे ठरवले. इंग्रजीत ही गत, तर इंदुरी मराठीचं काय होईल याची कल्पना करा. संशय आला तर लेखकाला फोन करावा, कथेबद्दल बोलावं.

निवड झाल्यानंतर

लेखक इतका आनंदलेला असतो की कागद वाचत नाही, आणि बहुतेकदा कागद नसतोच. ‘प्रकाशित साहित्याचे सर्व हक्क संपादकांकडे’ ही अंकातली ओळ पाहून अनेकांना वाटतं की कथा आता आपली राहिली नाही. भारताचा स्वामित्वहक्क कायदा १९५७ चा आहे, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच दिले जाऊ शकतात. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. न्याय्य अंकाने अर्ध्या पानाचं पत्र करावं: कथा एकदा छापण्याचा हक्क, मानधन किती आणि कधी, मानधन नसेल तर तसं स्पष्ट, आणि संग्रहात घ्यायला लेखक मोकळा. छापण्याआधी बदललेली प्रत लेखकाला दाखवावी. कलम ५७ लेखकाला आपलं नाव कथेवर राहण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का लावणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क देतं. शेवट बदलून, शीर्षक बदलून थेट छापलेली कथा पाहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

राहिली मोजणी. फायरसाइड या अमेरिकी मासिकाने २०१५ मध्ये ६३ मासिकांत छापून आलेल्या २,०३९ विज्ञान आणि अद्‌भुत कथा तपासल्या, तेव्हा कृष्णवर्णीय लेखकांच्या त्यांत ३८ निघाल्या. तोवर प्रत्येक संपादकाला आपला अंक निष्पक्षच वाटत होता. मराठीत असं कोणी मोजायला बसेल त्या दिवसाची वाट न पाहता अंकाने स्वतःच शेवटच्या पानावर चार ओळी छापाव्यात: कथा किती आल्या, मागवलेल्या किती, खुल्या आवाहनातून किती घेतल्या, त्यांत बायकांच्या किती, पहिल्यांदाच छापून येणाऱ्यांच्या किती, महाराष्ट्राबाहेरून आलेल्या किती, आणि उत्तर द्यायला सर्वांत जास्त किती दिवस लागले. आमच्या अंकात हे पान यंदापासून घालायचं असा आग्रह मी धरला आहे. पहिल्या वर्षीचे आकडे देखणे नसणार, तरी ते छापायचे असं ठरलं आहे.